औंढ्याच्या लायगोमुळे आमच्या भागात पैसा येईल का?

औंढेकर_मेकॅनिकल: नमस्कार मंडळी. मी औंढा नागनाथ तालुक्यातला, नांदेडला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याकडे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा होतेय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २६०० कोटी मंजूर केले. गावात सगळ्यांचा एकच सवाल : किती पोरं नोकरीला लागणार? विज्ञानावर असा खर्च करून राज्याची, आमच्यासारख्या जिल्ह्याची कमाई खरंच वाढते का?

भोसरीचे_काका: अरे, वेधशाळेतल्या नोकऱ्या मोजायला बसलात तर आकडा लहानच निघेल. पैसा येतो तो कामाच्या ऑर्डरींतून, आणि त्याहून जास्त त्या ऑर्डरी पुऱ्या करताना हाती आलेल्या कसबातून.

माझं भोसरीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. आम्ही टाक्या आणि हॉपर करायचो. मग एका संशोधन संस्थेचं निर्वात कक्षाचं, म्हणजे आतली हवा काढून टाकलेल्या बंद टाकीचं, काम मिळालं. स्टेनलेसचा जोड मारताना आतल्या बाजूनेही आर्गॉन वायू सोडायचा, नाहीतर जोड आतून काळा पडतो. आतल्या पृष्ठभागाला उघडा हात लावायचा नाही, कारण बोटाचा तेलकटपणा निर्वातात वायू सोडत राहतो. शेवटी गळती तपासणी : आतली हवा खेचायची, बाहेरून प्रत्येक जोडावर हेलियमची बारीक धार फिरवायची आणि हेलियम ओळखणाऱ्या डिटेक्टरच्या काट्याकडे बघत उभं राहायचं. काटा हलला म्हणजे हेलियम आत शिरला, तो जोड कापून परत. माझी पोरं यात घासून तयार झाली. पुढे औषध कंपन्यांची कामं मिळाली ती याच हातांवर, आणि त्या कामाला दरही चांगला मिळतो.

लायगोचे दोन बाहू म्हणजे प्रत्येकी ४ किलोमीटरच्या नळ्या, आणि त्या आतून अख्ख्या निर्वात. हे काम मिळवायला आधीपासून तयार असलेले कारखानेच पुढे येणार. तिथे राज्याचं काम सुरू होतं. हिंगोलीच्या आयटीआयत असं वेल्डिंग शिकवा. डिटेक्टर एकट्या लहान वर्कशॉपला परवडत नाही, तो एमआयडीसीत सगळ्यांसाठी सामाईक ठेवा. हे झालं नाही तर ऑर्डरी पुण्याला आणि गुजरातला जातील, हिंगोलीला नुसतं कुंपण दिसेल. मला याची फार तळमळ आहे.

जुन्नरची_शिक्षिका: काकांशी सहमत, पण दुसरी बाजूही मांडते. आमच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. ती उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी तबकडीला भरीव पत्र्याऐवजी तारेची जाळी वापरली, म्हणून ती कमी खर्चात उभी राहिली. दुर्बिणीला रेडिओ-शांतता लागते, म्हणजे जवळपास यंत्रांच्या रेडिओ लहरींचा गोंगाट चालत नाही, त्यामुळे आसपासच्या उद्योगांवर बंधनं आली. पुणे-नाशिक रेल्वेच्या आखणीतही हा प्रश्न आडवा आला. लायगोला जमिनीचे हादरे चालत नाहीत, म्हणजे खडी क्रशर आणि जड वाहतुकीचा प्रश्न तुमच्याकडे येईल. बदल्यात तालुक्याला काय, हे आत्ताच लेखी मागा. दुर्बिणीचा अभिमान आम्हालाही आहे. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तिथल्या प्रदर्शनाला माझे विद्यार्थी प्रयोग घेऊन जातात, तेव्हा त्यांचे चेहरे बघावेत.

वसमतचा_हळदवाला: लायगोबरोबर वसमतचं हळद संशोधन केंद्रही बघा, ते राज्याचं स्वतःचं आहे. बाजारात आमच्या हळदीचा भाव रंग, लांबी आणि पॉलिश बघून ठरतो. कुरकुमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा घटक, किती आहे, हे हळकुंडाकडे बघून कळत नाही. ती तपासणी गावाजवळ, स्वस्तात आणि सौदा व्हायच्या आत झाली, तर चांगल्या मालाचे पैसे शेतकऱ्याच्या हातात पडतील.

औंढेकर_मेकॅनिकल: काका, मग मी आत्ता काय शिकू?

भोसरीचे_काका: आधी टिग वेल्डिंग, म्हणजे आर्गॉनच्या आडोशात बारीक जोड मारायचं वेल्डिंग, स्वतःच्या हाताने. इंजिनिअर झालास म्हणून टॉर्च धरायला लाजू नकोस. सोबत निर्वात तंत्रज्ञान वाच : पंप, गेज, गळती. परीक्षा झाली की भोसरीला ये, शिकवायची जबाबदारी माझी. आणि येताना आयटीआयतला एखादा मित्र घेऊन ये.