उपग्रह समुद्राचं पोट वाचतो, मग फ्लोट कशाला?

रंकाळाकर: काल चहाच्या गाड्यावर वाद झाला, तो इथं टाकतो. जगभरच्या समुद्रांत सुमारे ४,००० आर्गो फ्लोट, म्हणजे पाण्यात वाहत जाणारी मोजमापाची यंत्रं, आहेत. दर १० दिवसांनी २,००० मीटरपर्यंत बुडी मारायची, तापमान नि खारटपणा मोजायचा, वर येऊन आकडे पाठवायचे. बॅटरी संपली की पैसे पाण्यात, अक्षरशः. उलट जेसन मालिकेतले उपग्रह १,३३६ किलोमीटरवरून समुद्राची उंची काही सेंटीमीटरच्या फरकानं मोजत आले. गरम पाणी फुगतं, म्हणजे फुगवटा दिसला की खाली उष्णता. जुन्या आकड्यांवर शिकवलेलं एआय त्यावरून खालचं तापमान काढतंय. माझं मत : उपग्रह पुरे.

गुऱ्हाळवाला: भावा, एकदा गुऱ्हाळावर ये. आमचा गुळव्या काहिलीतला फेस बघून पाक कुठवर आलाय सांगतोय. तरीबी उतरवायच्या आधी थेंबभर पाक गार पाण्यात टाकून गोळी होतीया का बघतोच. खारपड रानातला ऊस असला की नुसत्या फेसावर फसायला होतंय. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी वर तरंगतंय. ते हलकं, त्यानंबी उंची वाढतीया. मग फुगवटा उष्णतेचा का गोड्या पाण्याचा? हिवाळ्यात तर तिथं उत्तरेला वर गार, खाली गरम!

रंकाळाकर: खारटपणा पण वरनं मोजतात की. स्मॅप उपग्रह २०१५ पासून आहे.

गुऱ्हाळवाला: वरच्या सेंटीमीटरभराचा. तवंग चाखून रस्सा कळला म्हण की.

माहेर_रत्नागिरी: फ्लोटचं फार कौतुक नको. दोन फ्लोटांत साधारण ३०० किलोमीटर अंतर धरतात, म्हणजे कोल्हापुरातून पुण्याच्याही पुढं. मधल्या गरम पाण्याच्या भोवऱ्यावरून वादळ गेलं तर त्यांना पत्ता नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यानं वर सरकलं, तेव्हा आमच्या पडवीची कौलं गेली. रात्रभर आई फोनवर. वादळाला बळ मिळतं ते २६ अंशांवरच्या पाण्याचा थर किती जाड आहे त्यावर, आणि त्याचे नकाशे हैदराबादच्या समुद्र माहिती केंद्रात उपग्रहानं मोजलेल्या उंचीवरूनच काढतात.

रंकाळाकर: ताई, म्हणजे तुम्ही माझ्या बाजूनं!

माहेर_रत्नागिरी: अर्धी. ते नकाशे ताडून बघायला फ्लोटच लागतात. समुद्र तापत चाललाय, तुझं एआय जुन्याच आकड्यांवर किती दिवस काढणार?

रंकाळाकर: बरं, ‘पुरे’ मागं घेतो. खर्चाचं मात्र बोलणारच. गेलेला फ्लोट बहुतेक वेळा परत मिळतच नाही.

गुऱ्हाळवाला: मोटर जळली म्हणून विहीर बुजवतोस व्हय?