मदत हवी आहे: एमएसच्या औषधाचा धोका बहिणीला कसा समजावू?

माझ्या फोंड्याच्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूच्या नसांवरचं आवरण खराब करणारा आजार) आहे. मागच्या झटक्यापासून तिला डाव्या हाताने ब्लाउजचे हूकही लावता येत नाहीत. डॉक्टरांनी नॅटालिझुमॅब सुचवलंय, पण ‘मेंदूचा संसर्ग’ एवढंच तिच्या मनात बसलंय आणि ती नकोच म्हणते. खरं तर हा पीएमएलचा (जेसी विषाणूमुळे होणाऱ्या मेंदूच्या गंभीर संसर्गाचा) धोका रक्तात या विषाणूच्या अँटिबॉडी आहेत का, आधी घेतलेली प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आणि २ वर्षांपुढे चाललेला उपचार यांवर खूप बदलतो. तिची अँटिबॉडी तपासणीच अजून झालेली नाही! औषध न घेण्यातही कायमच्या अपंगत्वाचा धोका आहे, मला त्याचीच जास्त भीती वाटते. इथे कुणी हे औषध घेतलंय का? ‘हजारात किती जणांना’ हे मराठी-कोंकणीत शांतपणे समजावणारे न्यूरॉलॉजिस्ट पणजी-मडगावकडे कुणाला माहीत आहेत का?