बाबांच्या मेलचा पासवर्ड काढून घेऊ का? (सोलापूर)

हुतात्मावाला:
मी पुण्यात, आई-बाबा जुळे सोलापुरात. बाबा ७३ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. परवा त्यांना जुन्या मुख्याध्यापकांच्या नावाने मेल आला : "सर, मोकळे आहात का? एक काम होतं." बाबांनी लगेच उत्तर दिलं. मग पुढचा मेल : "दवाखान्यात आहे, फोन घेता येत नाही. पुतणीचा वाढदिवस आहे. दहा हजारांची गिफ्ट कार्डं घेऊन त्यांवरचे नंबर पाठवा, सोमवारी पैसे देतो."

बाबा भर उन्हात नवी पेठेत. गिफ्ट कार्ड (आधी पैसे भरून घ्यायचं खरेदीचं कार्ड, नंबर कळला की कुणीही वापरू शकतो) म्हणजे काय हेच माहीत नव्हतं म्हणून दुकानदाराला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, आधी त्यांच्या घरी फोन लावा की." मुख्याध्यापक घरीच शेंगाचटणी-भाकरी खात बसले होते.

या वेळी वाचलो. आता वाटतंय, पासवर्ड माझ्याकडेच घ्यावा आणि रोज आधी मीच मेल बघावेत. किंवा एखादं अ‍ॅप, फिल्टर सुचवा.

पार्कचौकी:
दुकानदाराला चहा पाजा आधी.
फिल्टर यात फारसा कामाचा नाही. पहिल्या मेलमध्ये ना लिंक, ना पैशाचा विषय. एका ओळीच्या साध्या चौकशीला तो अडवणार कशावरून? पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी कुणीही काहीही लिहू शकतो, आणि मोबाइलवर जीमेल आधी नावच दाखवतं. मेल उघडून 'टू मी' शेजारचा बाण दाबला की खरा पत्ता दिसतो. मुख्याध्यापकांचा जुना मेल आणि हा, दोन्ही बाबांना शेजारी ठेवून दाखवा.

हुतात्मावाला:
बघितलं. नाव तंतोतंत, पत्ता भलताच, पुढे नुसते आकडे.

यंत्रमागवाली:
पत्ता वेगळा होता हे नशीब समजा. आमच्या काकांचा टॉवेलचा कारखाना आहे. सूत देणाऱ्या व्यापाऱ्याच्या खऱ्या पत्त्यावरूनच मेल आला, कारण त्याचं खातंच हॅक झालेलं. "बँक खातं बदललंय, या वेळचे पैसे इकडे टाका." काका तसे सावध, त्यांनी उलट मेल करून "नक्की ना?" विचारलं. "हो, नक्की." हे उत्तर चोरानेच दिलेलं! आत शिरलेला माणूस असे मेल परस्पर बाजूला जातील अशी सोय करून ठेवतो, मूळ मालकाला पत्ताच लागत नाही.
मेलची खातरजमा मेलवर करायची नाही. फोन करायचा, तोही मेलखाली छापलेल्या नंबरवर नाही, आपल्या डायरीतल्या नंबरवर. आमचं त्याच दुपारी लक्षात आलं, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला, बँकेलाही कळवलं. व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो ओळख क्रमांक) हाताशी होता. काही रक्कम पुढे सरकण्याआधी अडकवता आली, बाकीची गेली.

पार्कचौकी:
बाबांच्या मेल खात्याला टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा) लावून टाका, म्हणजे उद्या त्यांच्या नावाने दुसरा कुणी फसायला नको. आणि रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या वेबसाइट 'डॉट बँक डॉट इन'वर न्यायला सांगितलं होतं, ते दाखवून ठेवा. पत्त्याचा https:// नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेआधीचा (/) भाग त्यावर संपला पाहिजे. ही अक्षरं मधेच असून त्या रेघेआधी आणखी काही शेपूट असेल तर ती बँक नव्हे.

निवृत्तगुरुजी:
मी ७८. पासवर्ड काढून घेऊ नका हो.
दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात मला मेल आला : हयातीचा दाखला पोचला नाही, पेन्शन थांबेल. लिंक उघडली, माहिती भरली, ओटीपीसुद्धा दिला. खात्यातून पैसे गेल्याचं अर्ध्या तासात कळलं, पण घरात चार दिवस बोललो नाही. मुलगा ओरडेल, मोबाइल काढून घेईल, सुनेसमोर शोभा होईल, हीच भीती. १९३० चा उपयोग होतो तो पहिल्या काही तासांत. माझे ते तास गप्प बसण्यात गेले.
तुमच्या बाबांनी दुकानदाराला विचारलं. तुम्हाला नाही. त्याचं कारण बघा आधी.

हुतात्मावाला:
गुरुजी, हे लागलं.
पासवर्डचा विषय सोडला. आत्ताच बाबांना फोन केला. म्हटलं, पैशाचा कसलाही मेल आला तर आधी मला फोन करा, मीटिंगमध्ये असलो तरी उचलतो. ते म्हणाले, "त्या दिवशी तुलाच दोनदा लावला होता."
कॉल लॉग बघितला. सकाळी ११:४०, ११:४२. शनिवारच्या हुतात्मा एक्सप्रेसने सोलापूरला येतोय.