मदत हवी आहे: ‘सम लाउड थंडर’च्या पहिल्या गाण्यातील खरखर

‘क्लॅप युअर हँड्स से येह’ या अमेरिकी इंडी (मोठ्या संगीत कंपन्यांपासून स्वतंत्र) बँडने 2005 मध्ये स्वतःच प्रकाशित केलेला पहिला अल्बम मला अतिशय प्रिय आहे. डेव्ह फ्रिडमन निर्माते असलेल्या त्यांच्या 2007 च्या ‘सम लाउड थंडर’ या अल्बमने मात्र निराशा केली, कारण शीर्षकगीतातच गायन आणि वाद्ये फाटक्या स्पीकरमधून आल्यासारखी खरखरतात. पुढील गाण्यांत ही खरखर नाही, म्हणजे ती हेतुपुरस्सर असावी. सीडी व स्ट्रीमिंग दोन्ही ऐकले, हेडफोन बदलले, इक्वलायझरही वापरला. फरक पडला नाही. चाल इतकी सुरेख आहे की हे गाणे सोडून द्यावेसे वाटत नाही. एलपीसाठी रेकॉर्ड प्लेअर माझ्याकडे नाही, म्हणून अधिकृत डिजिटल पर्यायच हवा. या गाण्याचे स्वच्छ ध्वनिमुद्रण, मैफलीतील असले तरी चालेल, कोठे मिळेल?