मदत हवी आहे: पंपाच्या होज कॉलरवर पाइप गळतो, क्लिप आवळूनही थांबत नाही

पाणक्या
नमस्कार मंडळी. अर्धा एचपीचा मोनोब्लॉक पंप आहे, दोन्ही तोंडं १ इंची. जमिनीतल्या टाकीतून पाणी वर गच्चीत चढवायचं. पंपापासून खाली पाण्यापर्यंत साधारण ८ फूट, वर २५ फूट. सक्शनला (पाणी ओढणाऱ्या बाजूला) स्पायरलचा हिरवा पाइप, डिलिव्हरीला (पाणी वर ढकलणाऱ्या बाजूला) आत जाळी असलेला ब्रेडेड पाइप. दोन्हीकडे प्लॅस्टिकचे होज कॉलर, म्हणजे एका टोकाने आट्यांनी पंपात बसणारी आणि दुसऱ्या, खाचांच्या टोकावर पाइप चढवायची नळी.

डिलिव्हरीच्या कॉलरवर मिनिटाला तीस-चाळीस थेंब पडतात. सक्शनकडे बाहेर टिपूसही नाही, पण पंप पाचेक मिनिटांत हवा पकडतो आणि रोज सकाळी पुन्हा पाणी भरावं लागतं.

करून पाहिलं ते असं: क्लिप स्क्रू घसरेपर्यंत आवळली, कॉलरच्या खाचांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली, वरून एम-सील थापलं. काय बदलू?

बारा आटे
आधी एम-सील काढा. मऊ पीव्हीसीला ते धरत नाही, आणि खाली नेमकं कुठून गळतंय तेही झाकून टाकतं.

हे दोन वेगळे रोग आहेत, डिलिव्हरीपासून सुरू करू. २५ फुटांवर पाणी चढवायला पंपाच्या तोंडाशी पाऊण बारच्या आसपास दाब लागतो. एवढ्याशा दाबाला नीट बसलेला पाइप एका क्लिपवर कोरडा राहतो, म्हणजे दोष क्लिपच्या ताकदीत नाही. पाणी अडवतो तो खाचांवर ताणून बसलेला पाइप. क्लिप फक्त त्याला तिथं धरून ठेवते.

गळती खाचांवर आहे की आट्यांवर ते आधी ठरवा. दोन्ही ठिकाणचं पाणी कॉलरच्या तळाशी येऊन एकाच जागी टपकतं, म्हणून चुकतं. सगळं कोरडं पुसा, पाइपच्या टोकाला एक आणि आट्यांच्या मुळाशी एक अशा वर्तमानपत्राच्या दोन पट्ट्या गुंडाळा, पंप सुरू करा. आधी कुठली भिजते ते सांगा. व्हर्नियर मिळाला तर कॉलरच्या सगळ्यात जाड कडेचा व्यास आणि पाइपचा आतला व्यासही मोजा. दुकानात '१ इंची' म्हणून मिळणारे सगळे पाइप एका मापाचे नसतात.

पाणक्या
पाइपकडची पट्टी भिजली, आट्यांची कोरडी. कॉलर २५.८ मिमी. पाइप टोकाला २७, हातभर पुढे कापून पाहिला तर २५.

बारा आटे
मग पाइप चांगला आहे, फक्त टोक फुगलंय. पुन्हा पुन्हा काढून-घालून आणि क्लिप दाबून ते तसं होतं. ते टोक परत वापरू नका.

पंपाचा विजेचा प्लग काढा आणि कामाला लागा. पाइप काटकोनात कापा, कटरने किंवा धारदार सुरीने. हॅक्सॉने कड फाटते. कॉलरवरची टेप खरवडून काढा, टेपेचं काम आट्यांवर. खाचांवर ती पाइपला घसरायला मदतच करते. आता कॉलरवरून नख फिरवा. साच्याची शिवण दोन्ही बाजूंना समोरासमोर लागेल. ती बारीक रेघ सगळ्या खाचा ओलांडून सरळ बाहेर येते, आणि पाणी तिच्या कडेनेच वाट काढतं. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने गोलाईत घासून ती नाहीशी करा. खाचांची धार मात्र घालवू नका.

पाइपचं टोक अर्धा मिनिट गरम पाण्यात धरा. उकळतं नको, पाइप लुळा पडून ढकलताना दुमडतो. कॉलरला साबणाचं पाणी लावा, तेल-ग्रीस नाही. साबण वाळतो, तेल वाळत नाही आणि दाब आला की पाइप सरकतो. क्लिप आधी पाइपवर ओवा (हे विसरलं की सगळं पुन्हा), मग पाइप शेवटच्या खाचेच्या पुढे मुळापर्यंत ढकला.

क्लिप पाइपच्या टोकापासून ४-५ मिमी आत, पण खाचांच्या वरच. खाचा संपल्यावर पुढे बसवली तर ती नुसता दागिना. पाइपचं अंग क्लिपच्या चिरांतून वर येऊ लागलं की थांबा. घसरलेल्या स्क्रूची क्लिप फेकून द्या.

चिंचगूळ
क्लिप फार मोठी घेऊ नका. जास्त मोठी क्लिप आवळली की गोल न राहता अंडाकृती होते आणि स्क्रूच्या पेटीखाली पाइप सैल राहतो. दोन लावणार असाल तर स्क्रू समोरासमोर ठेवा. आणि दुसऱ्या दिवशी पाव फेरा पुन्हा आवळा, पीव्हीसी दाबाखाली हळूहळू बसत जातं.

काथ्याकूट
सायकलच्या ट्यूबची पट्टी कॉलरवर गुंडाळून त्यावर पाइप चढवला तरी चालतं की.

बारा आटे
कॉलर आणि पाइपच्या मध्ये नको. पट्टीचा जोड जिथे एकावर एक येतो तिथेच पायरी होते, आणि खाचाही बुजतात. ट्यूबचा उपयोग सक्शनला आहे, पण पाइपच्या बाहेरून.

स्पायरल पाइपच्या बाहेरचा कडक फेरा पट्टीच्या क्लिपला वर उचलून धरतो. फेऱ्याच्या दोन्ही अंगांना पाइप दाबलाच जात नाही आणि स्क्रूच्या आट्यासारखी तिरकी वाट उरते. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे! सक्शनला आत निर्वात असतो, म्हणून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते.

उपाय दोन. बाहेरून गुळगुळीत असलेला जाड भिंतीचा सक्शन पाइप घ्यायचा, हा पक्का. नाहीतर फेऱ्यांमधल्या खोलगट जागेत ट्यूबची पट्टी भरून अंग सपाट करायचं आणि त्यावर दोन क्लिपा लावायच्या. साधा ब्रेडेड पाइप सक्शनला लावू नका, ओढीने चपटा होतो.

पण आधी तपासा. प्राइमिंगचं बूच (जिथून पंपात पाणी भरता ते) उघडं ठेवून पाणी काठोकाठ भरा आणि दहा मिनिटं थांबा. पातळी उतरली तर फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या तळाशी पाणी परत खाली जाऊ न देणारा) गळतोय. उतरली नाही तर बूच लावून पंप सुरू करा आणि जोडावर घट्ट कणीक थापा. हवा पकडणं थांबलं तर दोष तिथलाच.

पाणक्या
डिलिव्हरी कोरडी झाली, शिवण बरीच जाड होती. सक्शन: बूच उघडं ठेवलं तर पातळी जागेवर. कणीक लावून पंप वीस मिनिटं चालला. गुळगुळीत पाइप आणायला निघालोय. कॉलर पितळी घेऊ का?

बारा आटे
मिळाला तर घ्या, शिवणीची कटकट नाही. १ इंची आट्यांना टेप ८ ते १० वेढे, आट्यांकडे तोंड करून पाहताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. हाताने बसेल तेवढा बसवून पान्याने एक-दीड फेरा. बसल्यावर सरळ दिसावा म्हणून उलटा फिरवू नका, टेप तुटते. मग पूर्ण काढून नव्याने गुंडाळावी लागेल. आणि पाइपचं वजन कॉलरवर लोंबू देऊ नका, फूटभर अंतरावर भिंतीला क्लॅम्प मारा.