ताप उतरवलाच पाहिजे का? जुने लोक काय समजत होते?

महालची आई:
परवापासून माह्या पोराला ताप येऊन राहिला, १०१ पर्यंत जातो. सासूबाई म्हणतात गोधडी पांघरव, घाम आला की उतरते, अन् पेजेशिवाय काही देऊ नको. डॉक्टर म्हणाले पांघरूण काढा, पाणी पाजत राहा, पोरगा खेळत असेल तर औषधाची घाई नको. आधी तापाबद्दल लोकांना नेमकं काय माहीत होतं जी?

धंतोली मेडिको:
ताई, आधीच्या काळी ताप हाच रोग मानत, आता ते लक्षण समजतात, सगळा फरक तिथंच आहे. आयुर्वेदात ज्वराच्या सुरुवातीला लंघन सांगितलंय, सासूबाईंची पेज त्याच वळणाची. ग्रीक वैद्य म्हणायचे शरीरातले चार रस बिघडले, अन् त्यापायी युरोपात एकोणिसाव्या शतकातही तापलेल्या माणसाचं रक्त काढत, आधीच गळालेला पेशंट अजून गळायचा, वाचलं की अंगावर काटा येतो. मोजायचं म्हणाल तर हात लावून अंदाज. मग जर्मनीत लाइपझिगला वुंडरलिश यांनी सुमारे २५,००० पेशंटचं तापमान घेतलं, फूटभर लांब थर्मामीटर काखेत धरून १५-२० मिनिटं बसायचं, विचार करा! १८६८ ला त्यांचं पुस्तक आलं, आपलं ९८.६ तिथूनच रूढ झालं. कोणत्या रोगात ताप कसा चढतो-उतरतो तेही त्यांनी आलेख काढून दाखवलं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ऑलबट यांनी सहा इंची थर्मामीटर आणला, पाच मिनिटांत काम.

इतवारीकर:
मलेरियाचं पण लिहा ना भाऊ. सिंकोनाच्या सालीतून कुनैन वेगळं केलं १८२० मध्ये, अन् मलेरियाचा जंतू लाव्हेरान यांना दिसला १८८० मध्ये. साठ वर्षं औषध होतं पण ते मारतं कोणाला हेच माहीत नव्हतं.

महालची आई:
मग उतरवायचा की नाही?

धंतोली मेडिको:
१९७५ ला सरड्यांवर प्रयोग झाला, जंतू टोचल्यावर ज्यांना उबेत ठेवलं, म्हणजे ज्यांचं अंग तापलेलं राहिलं, ते जास्त जगले, म्हणजे ताप शरीराच्या कामाचा असतो. पण पोरगा कण्हत असेल, पीत नसेल तर डॉक्टरांनी वजनावर सांगितलेलं पॅरासिटामॉल द्या, एवढ्यासाठी त्याला त्रास नका होऊ देऊ. पेज चालेल, त्यातून पाणी जातं, फक्त उपाशी नका ठेवू. गोधडी नको, अंगातली उष्णता बाहेर पडू द्या. सुस्त पडला, लघवी कमी झाली तर लगेच दाखवा.

इतवारीकर:
अन् आपल्या नागपुरात मे महिन्यातली लू म्हणजे ताप नाही हे पण ध्यानात ठेवा, तिथं पॅरासिटामॉल काहीच करत नाही, अंगावर पाणी टाकून वारा घालायचा अन् सरळ दवाखाना.

महालची आई:
गोधडी काढली, आत्ता ९९.४ आहे, पेज मागून राहिला.