मूल नाही म्हणून रिपोर्टात ‘दाट स्तन’ आलं का? आणि तीन मुलांच्या आईला तपासणी नको का?

शाहूपुरीची धाकटी:
वय ४६, मूल झालेलं नाही. राजारामपुरीत मॅमोग्राफी (स्तनाचा एक्सरे) केली. गाठ नाही, पण ‘दाट स्तन, प्रकार सी, सोनोग्राफी करून घ्यावी’ असं लिहिलंय. सासूबाई लगेच म्हणाल्या, “पोरं झाली नाहीत, दूध उतरलं नाही, त्यामुळंच.” मोठ्या जाऊबाई कागलला असतात, वय ५१. त्या म्हणतात, “मला कशाला गं तपासणी? तीन बाळंतपणं झाली माझी, तिघांनाही वर्षवर्षभर पाजलंय.” खरं आहे का हे? मला रात्र-रात्र झोप नाही.

पंचगंगाकाठ:
माझ्या मावशीला चार मुलं, तरी साठीत स्तनाचा कॅन्सर झाला. जाऊबाईंना घेऊनच जा.

निवृत्त एक्सरेवाली, मंगळवार पेठ:
ताई, आधी झोप. दाट स्तन हा आजार नव्हे. मॅमोग्राफीच्या फिल्मवर चरबी काळपट दिसते, दूधग्रंथी आणि तंतू पांढरे. आणि गाठही पांढरीच! पांढऱ्यावर पांढरं लपतं, म्हणून सोनोग्राफी सांगतात. संशय आला म्हणून नव्हे. ए ते डी असे चार प्रकार असतात, त्यातले सी आणि डी दाट. मी आयुष्यभर मशीनवर उभी राहिले, तुझ्यासारखे रिपोर्ट रोज बघितले. बाळंतपणांनी हा दाटपणा सहसा कमी होतो, एवढं सासूबाईंचं बरोबर. पण वय, वजन, पाळी चालू की बंद आणि आईकडून आलेली ठेवण हेही त्यात असतंच. दाटपणानं धोका थोडा वाढतो, तो एकटा काही ठरवत नाही.

आता धोक्याचं. ख्रिस्ती मठातल्या, मूल न झालेल्या नन बायकांना हा कॅन्सर जास्त होतो हे इटलीच्या रामाझिनी या वैद्यानं १७१३ मध्येच लिहून ठेवलंय. २००२ मध्ये ३० देशांतले ४७ अभ्यास एकत्र करून मोजलं, तेव्हा दर बाळंतपणामागे धोका ७ टक्के आणि अंगावर पाजलेल्या दर १२ महिन्यांमागे आणखी ४.३ टक्के कमी भरला. हे तुझ्या जाऊबाईंना लावून बघ. तीन बाळंतपणं आणि तीन वर्षं पाजणं धरलं, तर मूल नसलेल्या बाईपेक्षा धोका साधारण तीस टक्क्यांनी कमी. म्हणजे उरलेले सत्तर आहेतच की! मूल झालं म्हणजे माफी मिळाली, असं कुणी सांगितलं यांना? आणि मूल नाही म्हणून तुला कुणी दोष देत असेल तर तो मुळीच ऐकून घेऊ नकोस.

आणखी एक, हे घरात कुणी बोलत नाही. बाळंतपणानंतर काही वर्षं धोका उलट वाढलेला असतो, साधारण पाचव्या वर्षी सर्वांत जास्त. फायदा दिसायला वीस-पंचवीस वर्षं जातात. पहिलं मूल पस्तिशीनंतर झालं असेल तर ही वाढ जास्त. म्हणून पाजणाऱ्या पोरीला गाठ लागली की ‘दूध साकळलंय’ म्हणून शेकत बसू नये, दाखवावी. पाजत असताना सोनोग्राफी होते, मॅमोग्राफीही होते. आधी बाळाला पाजून घ्यायचं, म्हणजे चित्र जरा स्वच्छ येतं.

जाऊबाईंना हेही सांग. मुंबईत टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून दीड लाख बायकांवर अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांची, शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्या बायकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासणी केली. पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. त्या ५१ च्या आहेत! सरकारी कार्यक्रमातही ३० वर्षांपुढच्या बायकांची अशी तपासणी होते, कागलच्या सरकारी दवाखान्यात विचारायला सांग. आई, बहीण, मावशी कुणाला झाला असेल तर दोघींनीही डॉक्टरांना ते आधी सांगा, ते मुलांच्या हिशेबापेक्षा जड आहे.

शाहूपुरीची धाकटी:
जाऊबाईंना फोनवर सगळं वाचून दाखवलं. तयार झाल्या, फक्त विचारतात, दुखतं का?

निवृत्त एक्सरेवाली, मंगळवार पेठ:
मॅमोग्राफीत स्तन दाबतात तेव्हा काही सेकंद कळ लागते, बाईनुसार कमी-जास्त. पाळी चालू असेल तर ती संपल्यावरच्या आठवड्यात जाऊ दे, तेव्हा कमी दुखतं. काखेत पावडर, सेंट लावू नये, फिल्मवर ठिपके येतात. तू जाताना जुन्या फिल्म घेऊन जा, नुसता रिपोर्ट नको.